तिसऱ्या परिच्छेदावरची सही

३ सप्टेंबर, बुधवार

खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन खाटा, दोन टेबले, दोन कपाटे, एक खिडकी. खिडकी एकच असल्यामुळे तिच्याखालचे टेबल कोणाचे, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांतच उपस्थित झाला. माझी खोलीसोबतीण माझ्या आधी दोन तास पोहोचली होती आणि तिने ते टेबल माझ्यासाठी मोकळे ठेवले होते. मी कारण विचारले.

"तुम्ही मोठ्या आहात ना," ती म्हणाली.

वय हा खिडकीवरच्या हक्काचा आधार होऊ शकत नाही, हे मी तिला समजावून सांगितले. आधी येणाऱ्याचा हक्क आधी, हा एकच नियम येथे लागू होतो. तिने निमूटपणे आपली पुस्तके खिडकीखाली हलवली. ती एकोणीस वर्षांची आहे, अंगाने अगदी किरकोळ. मजल्यावरच्या मुली तिला टाचणी म्हणतात.

संध्याकाळी कॉमन रूममध्ये ओळखी झाल्या. मजल्यावर आम्ही सात जणी, मी धरून. त्यांतली सर्वांत उंच आणि सर्वांत मोठ्या आवाजाची मुलगी नाट्यशास्त्र शिकते. तिने किटली उचलून विचारले, "आजी, तुम्हाला चहा?"

मी म्हणाले, "मी कोणाचीही आजी नाही. माझ्या मुलाला अपत्य नाही, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्याही नाही."

हशा पिकला. टाचणी म्हणाली, "मग वकीलबाई म्हणू का?" वस्तुस्थितीला धरून असल्यामुळे मी हरकत घेतली नाही.

अडतीस वर्षे मी इतरांनी ठरवलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली. कायदा मी निवडला नव्हता, वडिलांनी निवडला. मला तारे, इतिहास आणि तत्त्वज्ञान एकाच छताखाली शिकायचे होते, आणि ते छत अखेर सदुसष्टाव्या वर्षी सापडले. अट एकच आहे. या महाविद्यालयाची पदवी निवासाशिवाय मिळत नाही. सहा सत्रे वसतिगृहात राहणे बंधनकारक; निवास गेला की प्रवेशही गेला. मला ही अट मान्य आहे. किंबहुना, मी तिच्याचसाठी आले असे म्हणता येईल. पण ते सिद्ध करण्याची मला गरज वाटत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

आज पहिली मजलासभा झाली. रेक्टरबाईंनी येथील तक्रारीची पद्धत समजावून सांगितली, आणि मी कबूल केले पाहिजे की मी अवाक झाले. एवढी शिस्त मी उच्च न्यायालयातही पाहिली नाही.

येथे कोणतीही तक्रार तोंडी घेत नाहीत. ती चार परिच्छेदांत लिहावी लागते. पहिल्यात दावा, दुसऱ्यात आधार, तिसऱ्यात प्रतिपक्षाची बाजू, चौथ्यात तिला उत्तर. खरी गोम तिसऱ्या परिच्छेदात आहे. तो इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेला हवा की खुद्द प्रतिपक्षाने त्याखाली सही करावी: 'माझी बाजू येथे नीट मांडली आहे.' ही सही नसेल तर तक्रार उघडतच नाहीत. सही करायची नसेल तर प्रतिपक्षाने तो परिच्छेद स्वतः लिहून द्यावा.

"म्हणजे भांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं सांगता आलं पाहिजे," रेक्टरबाई म्हणाल्या. चाळिशीच्या आहेत, गणित शिकवतात, हसतात कमी. मला आवडल्या.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी सरावासाठी असे कागद लिहायचे असतात. सरावाच्या कागदावर नावाच्या जागी 'क्ष' घालतात, आणि क्ष कोण हे विचारणे असभ्यपणाचे मानतात. सर्वांत गंभीर तक्रार म्हणजे हरकत: मजल्यावरच्या बाकी सर्वांनी एकमताने सही केली आणि ती मंजूर झाली, तर त्या व्यक्तीचा निवास संपतो. गेल्या अकरा वर्षांत अशी एकही हरकत आलेली नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मजल्यासाठी दोन उपयुक्त गोष्टी केल्या. सकाळी न्हाणीघरापुढे रांग लागून रोज वादावादी होते. मी आठवडाभर निरीक्षण केले, घड्याळ लावून, आणि माणशी बारा मिनिटांचे वेळापत्रक सुवाच्य अक्षरात दारावर चिकटवले. कोण किती वेळ घेते तेही शेजारी लिहिले, म्हणजे सुधारणेला दिशा मिळेल. आज रांगेत एक शब्दही कोणी बोलले नाही.

दुसरे असे की नाटकवाली मार्गिकेत तालीम करत होती. प्रवेश न्यायालयातला होता. ती साक्षीदाराच्या अंगावर ओरडत होती. मी थांबून तिला सांगितले की न्यायालयात असे कोणी ओरडत नाही, आणि ओरडणारा वकील खटला हरतो. मग मूळ संवादातल्या सात चुका दाखवल्या. ती म्हणाली, "वकीलबाई, हे नाटक आहे हो." मी म्हणाले, म्हणूनच चूक अधिक लोक पाहतील. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. विचार करत असावी.

पहाटे पाच ते सहा मी मोठ्याने वाचते; फार जुनी सवय आहे. टाचणीला त्रास होतो का, असे विचारले. "नाही, नाही," ती उशीत तोंड घालून म्हणाली. दोनदा नकार दिल्यावर प्रश्न उरत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी टाचणीबरोबर मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. ती प्राध्यापकांच्या नकला करते. खगोलशास्त्राचे प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलतात आणि प्रश्न आला की खडूलाच उत्तर देतात; तिने एका वाळक्या काडीशी तसा संवाद केला. मग म्हणाली, "आता तुमची करू?" आणि पाठ ताठ करून, हनुवटी वर करून: "हा आधार नव्हे. घटना हवी." मला इतके हसू आले की बाकावर बसावे लागले. तीही बसली. पोट दुखेपर्यंत मी शेवटची कधी हसले होते, याची नोंद माझ्यापाशी नाही.

या वयात मैत्रीण मिळते, हे मी कोणाच्याही साक्षीवर मानले नसते. आज स्वतः साक्षीदार आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

दुपारी वर्गातून परतले तर टाचणी खाटेवर पालथी पडून रडत होती. तिच्या वडिलांचा फोन आला होता. त्यांनी घर सोडले आहे आणि दुसरीकडे संसार मांडला आहे.

"बाबा मला सोडून गेले," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "नेमके काय म्हणाले? त्यांचे शब्द सांग."

"म्हणाले... आता मी तिथं राहत नाही."

"तिथे, म्हणजे घरी. तुझ्यापाशी राहत नाही, असे म्हणाले का?"

"नाही, पण..."

"तू स्वतः तरी घरी राहतेस का? तू येथे राहतेस. मग त्यांनी तुझ्या आईला सोडले, हे फार तर सिद्ध होते. तुला सोडले, हे सिद्ध होत नाही. दोन विधाने वेगळी आहेत."

तिने रडणे थांबवले. माझ्याकडे पाहिले. "हो," म्हणाली, "वेगळी आहेत." मग तिने पांघरूण गोळा केले आणि नाटकवालीच्या खोलीत झोपायला गेली. त्या खोलीत वारा बरा लागतो.

मदत करता आल्याचे समाधान वाटले.

३० सप्टेंबर, मंगळवार

टाचणी आजही तिकडेच झोपली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मुलाचा फोन. त्याने मेस, अभ्यास, गुडघे यांविषयी विचारले. मग म्हणाला, "आई, तुझं तिथं कोणाशी पटतं का?"

"प्रश्न संदिग्ध आहे," मी म्हणाले.

"पटतं का गं कोणाशी, एवढंच विचारलं."

"सर्वांशी. एकही तक्रार नाही."

"बरं," तो म्हणाला. "घर आहेच इथं." ते घर आता त्याचे आणि सूनबाईंचे आहे, मागच्या वर्षी मी तेथे चार महिने राहिले, आणि त्या काळात त्या दोघांनी स्वयंपाकघरात कुजबुजत बोलण्याची सवय लावून घेतली. मी येथे आल्यावर त्यांना मोकळेपणाने बोलता येत असेल, अशी आशा आहे.

कॉमन रूममध्येही मी शिरले की बोलणे थांबते. वर्गात शिक्षक आले की होते, त्यातलाच हा प्रकार. तरी एक शंका नोंदवून ठेवते: शिक्षक आल्यावर मुले थांबतात, पण निघून जात नाहीत.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज फार दिवसांनी टाचणी आपणहून माझ्या टेबलाशी आली. हातात कागद होता. चार परिच्छेदांची तक्रार, नावाच्या जागी क्ष. "बघता का जरा?" एवढेच म्हणाली. सरावासाठी असणार; तिच्या वर्गाला या महिन्यात हेच काम आहे.

दावा असा: क्ष यांचा या मजल्यावरील निवास संपवावा. धाडसी विषय निवडला म्हणून मी तिचे कौतुक केले. आधार मात्र अगदीच पोकळ होते. 'क्ष यांचा सगळ्यांना कंटाळा येतो. क्ष सारखं शिकवतात.'

"कंटाळा हा आधार नव्हे," मी म्हणाले. तिच्या ओठांवर क्षणभर हसू आले आणि गेले. "घटना हवी. क्ष नेमके काय करतात?"

तिने कागदाची कड दुमडली. "समजा... आपण रडत असलो, तर त्या प्रश्न विचारतात."

"कशा प्रकारचे?"

"खरे असतात प्रश्न. चुकीचे नसतात."

मी लेखणी घेतली आणि वाक्य बांधून दिले: 'क्ष यांच्यापाशी दुःख सांगितले असता ते ऐकले जात नाही, तपासले जाते. परिणामी मजल्यावरील कोणीही आपल्याच खोलीत दुःखी होण्यास मोकळे राहत नाही.' हे वाक्य बरे जमले. त्याच्या आधाराने मी पुढचे दोन आधारही नीट करून दिले: एक पाळतीविषयी, एक सततच्या दुरुस्त्यांविषयी. मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत एक आढ्यताखोर मुलगी राहते; तीच तिच्या डोळ्यांपुढे असावी. सरावात नाव विचारत नाहीत, म्हणून मी विचारले नाही.

टाचणी कागदाकडे पाहत म्हणाली, "वकीलबाई, हे खऱ्या माणसाबद्दल असतं तर?"

"युक्तिवादाला माणसाशी कर्तव्य नसते. तो टिकतो किंवा टिकत नाही."

"आणि हा?"

"हा टिकेल."

१९ ऑक्टोबर, रविवार

तिसरा परिच्छेद राहिला होता. टाचणी म्हणाली, "क्ष यांची बाजू तुम्ही लिहा ना. तुमच्याइतकी चांगली कोणाला नाही जमणार."

मी साडेतीन ओळींत लिहिली. क्ष यांनी वसतिगृहाच्या कोणत्याही नियमाचा भंग केलेला नाही. अप्रिय असणे हा दोष नव्हे. नियमभंगाशिवाय निवास संपवणे अन्याय्य ठरेल.

तिने वाचले. "एवढंच?"

"पुरेसे आहे."

"त्यांच्या बाजूनं आणखी काहीच नाही? म्हणजे... त्या इथं का आल्या, त्यांना कोण आवडतं, त्यांना जावं लागलं तर काय होईल..."

"दयेची याचना हा युक्तिवाद नव्हे. क्ष सुज्ञ असतील तर ती करणार नाहीत."

"केली तर काय बिघडेल?"

"हा प्रश्न क्ष यांना विचार," मी म्हणाले. तिने ओठ घट्ट मिटले. तिचे डोळे लाल होते. सध्या सर्दीची साथ आहे.

सरावातही हा परिच्छेद लिहिणाऱ्याने खाली सही करायची पद्धत आहे. मी लेखणी उचलली तेव्हा ती म्हणाली, "नक्की करताय?" आणि केल्यावर पुन्हा, "खोडायची असेल तर खोडा." मी आयुष्यात केलेली सही खोडलेली नाही. तारीखही घातली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

रेक्टरबाईंनी सकाळी बोलावून माझ्यापुढे एक कागद ठेवला. तिसऱ्या मजल्याची हरकत. खाली सहा सह्या. जेथे जेथे क्ष होता, तेथे माझे नाव.

मी तो दोनदा वाचला. पहिल्या वाचनात भाषा ओळखीची वाटली, आणि चांगली वाटली. हे नमूद करणे भाग आहे: आधी चांगली वाटली. 'ऐकले जात नाही, तपासले जाते.' स्वल्पविराम माझा आहे. दुसऱ्या वाचनात मी नाव वाचले.

"तिसऱ्या परिच्छेदाखाली तुमची सही आहे," रेक्टरबाई म्हणाल्या. "त्यामुळे मला ती उघडणं भाग आहे. गुरुवारी सुनावणी. तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

मी प्रकृती उत्तम असल्याचे सांगितले. अडतीस वर्षांत विरुद्ध पक्षाने माझ्यावर अनेक डाव टाकले. लाच देऊ केली, साक्षीदार फोडले, एकदा एका कारकुनाने माझ्या फाइलमधली पाने पळवली. परंतु माझ्याच टेबलाशी बसून, माझ्याच लेखणीने, माझ्याच विरुद्धचा दावा माझ्याकडून दुरुस्त करून घेण्याचे कोणाला सुचले नाही. ते सुचायला मैत्रीण असावी लागते.

२५ ऑक्टोबर, शनिवार

टाचणी दुपारी कपडे न्यायला आली. मी दार लावून घेतले.

"तू मला फसवलेस."

ती कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. "हो," म्हणाली. मग, "मी तीनदा सांगायचा प्रयत्न केला."

"प्रयत्न हे कथन नव्हे. एका वाक्याचे काम होते: क्ष म्हणजे तुम्ही. तीन शब्द."

"तोंडातून नाही निघाले."

"का नाही?"

"बघा," ती वळली, "आता पण तुम्ही प्रश्नच विचारताय. चिडा ना माझ्यावर. काहीतरी फेकून मारा. मी ऐकून घेईन."

मी काहीही फेकले नाही. तिने दोन कुडते उचलले आणि गेली. पायमोजे विसरली. ते मी घडी घालून तिच्या खाटेवर ठेवले आहेत. ही सभ्यता आहे, क्षमा नव्हे.

२६ ऑक्टोबर, रविवार

नाटकवालीने मला मार्गिकेत गाठले. "आजी... सॉरी, वकीलबाई. एक सांगू? टाचणीवर राग धरू नका."

"तिची सही आहे."

"सगळ्यात शेवटची आहे. आम्ही तर एक ओळ खरडली होती. 'आम्हाला ह्या नको.' बास. ती म्हणाली, असं नाही चालणार, त्यांची बाजू त्यांनीच लिहायची. आपण लिहिली तर आपण वाईटच लिहिणार. नाहीतर मी सही करत नाही, काय करायचं ते करा. तीन आठवडे अडवून धरलं तिनं आम्हाला."

"आणि मग?"

"मग तुम्ही लिहिलंत! साडेतीन ओळी!" तिने दोन्ही हात डोक्याला लावले. रंगमंचावर ती हाच अभिनय करते. "आम्हाला वाटलं होतं, तुम्ही असं काहीतरी लिहाल की वाचून आमचीच छाती होणार नाही. टाचणी ते वाचून दाखवताना रडली, माहितेय?"

मी तिला विचारले की, रडणे हा तिच्या मते सहीच्या विरुद्ध पुरावा आहे काय. तिने हात खाली घेतले. "नाही," म्हणाली. "तुमच्याशी बोलणं म्हणजे ना..." आणि वाक्य अर्धे टाकून निघून गेली.

हेतू काहीही असो. कृतीचे स्वरूप त्याने बदलत नाही. हे तत्त्व मी शेकडो वेळा मांडले आहे आणि ते खरे आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

हरकत गुणांवर खोडता येत नाही. मी दोन दिवस प्रयत्न केला. आधार घट्ट आहेत. मीच आवळले आहेत. चौथा परिच्छेद टाचणीचा आहे आणि तोही चांगला आहे: 'त्यांनी नियम मोडला नाही हे आम्हाला मान्य आहे. आम्ही त्यांच्यासाठी शिक्षा मागत नाही. आम्हाला आमच्या खोल्या परत हव्या आहेत.' तो मी वीस-बावीस वेळा वाचला.

मात्र एक वाट आहे. सही घेताना प्रतिपक्षापासून नाव लपवले गेले. म्हणजे ती सही प्रतिपक्षाची नव्हे, सरावात मदत करणाऱ्या त्रयस्थाची आहे. सही नाही, तर तिसरा परिच्छेद नाही. तिसरा परिच्छेद नाही, तर तक्रारच नाही. यावर उत्तर असू शकत नाही.

खात्रीसाठी मी ही वही मागे चाळली. तिने तो सरावाचा कागद असल्याचे नेमक्या कोणत्या शब्दांत सांगितले, ते हवे होते. अठरा तारखेची नोंद अशी: '"बघता का जरा?" एवढेच म्हणाली. सरावासाठी असणार.'

म्हणजे तिने सांगितले नव्हते. मी मानले.

त्याच नोंदीत, त्याच पानावर, आणखी बरेच आहे. ते मी आज वाचले नाही. वाचले. दोनदा वाचले.

मौन हेही कथनच असते. समोरच्याचा गैरसमज दिसत असताना जो गप्प बसतो, तो तो गैरसमज स्वतः निर्माण केल्याइतकाच जबाबदार असतो. याविषयी दुमत नाही. आणि दैनंदिनी कोणी पुराव्यात मागवलेली नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सुनावणी कॉमन रूममध्ये झाली. सहा मुली एका बाजूला, मी दुसऱ्या, मध्ये रेक्टरबाई. मी उभी राहिले आणि एकोणीस मिनिटे बोलले. आवाज एकदाही चढवला नाही.

बोलून झाल्यावर रेक्टरबाईंनी विचारले, "हा सरावाचा कागद आहे, असं तुम्हाला हिनं सांगितलं?"

"माझी तशी समजूत करून देण्यात आली," मी म्हणाले. वाक्य विचारपूर्वक निवडले होते.

रेक्टरबाई टाचणीकडे वळल्या. तिने फक्त 'मी तसं म्हटलं नाही' एवढे म्हटले असते, तर माझ्यापुढे अडचण उभी राहिली असती. मला वाटते, तिला ते कळत होते. आधार कसा शोधायचा, हे ती माझ्यापाशीच शिकली आहे.

ती म्हणाली, "त्यांना तसं वाटतंय हे मला दिसत होतं. मी गप्प बसले. चूक माझी आहे."

"का गप्प बसलीस?"

"नाव कळलं असतं तर त्यांनी बचाव केला असता." ती रेक्टरबाईंशी बोलत होती, पण पाहत माझ्याकडे होती. "मला वाटलं, नाव नसेल तर त्या खरं लिहितील."

"खरं म्हणजे काय?"

"म्हणजे... त्यांना इथं राहायचंय, असं. आमच्यात. एवढं जरी लिहिलं असतं तरी मी सही केली नसती. मी वाट बघत होते. सही करून झाल्यावर पण खोडा म्हटलं."

शेवटच्या खोलीतल्या मुलीने नाक पुसले. तिला मी आढ्यताखोर समजत आले आहे.

रेक्टरबाई मला म्हणाल्या, "सही बाद होते, हे मला मान्य आहे. त्याबरोबर हरकतही. पण बाद करण्याआधी, आधारांबद्दल तुम्हाला काही म्हणायचंय? या मुलींना काही सांगायचंय?"

सहा चेहरे माझ्याकडे वळले. मला सांगण्यासारखे होते. मैदानावरच्या त्या तीन फेऱ्या होत्या. तो बाक होता. ते शब्दांत कसे आणावे, हे त्या क्षणी मला आठवेना. जे येत होते ते म्हणाले.

"जी तक्रार अस्तित्वातच नाही, तिच्या आधारांना उत्तर देण्याचे प्रयोजन नाही."

हरकत फेटाळली गेली. नाव लपवून सही घेतल्याबद्दल टाचणीचे हे सत्र निवासात धरले जाणार नाही. तिला शेवटी एक सत्र जादा राहावे लागेल, आणि मजला सोडून पलीकडच्या इमारतीत जावे लागेल. नियम तसा आहे. ही शिक्षा मी मागितली नव्हती. मी तिला विरोधही केला नाही.

मी जिंकले आहे. सहा सत्रांपैकी पाच अजून बाकी आहेत, आणि ती मला कोणी नाकारू शकत नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

मजल्यावर सर्व जणी माझ्याशी अत्यंत सभ्यपणे बोलतात. नाटकवाली मला 'मॅडम' म्हणाली.

१ नोव्हेंबर, शनिवार

टाचणी सामान न्यायला आली. तिला दोन खेपा लागल्या. पहिल्या खेपेला नाटकवाली सोबत होती. दोघींनी पुस्तकांचे खोके दोन्ही बाजूंनी धरून उचलले आणि माझ्या खुर्चीला धक्का लागू नये म्हणून आडव्या चालत गेल्या. दुसऱ्या खेपेला ती एकटी आली. चादर काढली, घडी घातली, काखेत मारली.

मी टेबलाशी बसून होते. गेल्या दोन दिवसांत मी तिचे सर्व संभाव्य मुद्दे काढून ठेवले होते. तिने 'सराव' हा शब्द उच्चारला नव्हता. मला ते ठाऊक होते. समजूत करून देणे आणि समजूत होऊ देणे यांत फरक आहे, आणि तो फरक मी सुनावणीत जाणूनबुजून पुसला. ती माझ्याविरुद्ध खरे बोलली नाही; स्वतःविरुद्ध बोलली, आणि त्याचा लाभ मी घेतला. प्रत्येक मुद्द्याला माझ्यापाशी उत्तर होते. शेवटच्याचे किंचित दुबळे होते, पण होते.

ती दारात थांबली. "वकीलबाई..."

मी खुर्ची वळवली. पाठ ताठ केली.

तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी तयार बसले आहे हे तिला दिसले असावे.

"काही नाही," ती म्हणाली.

जिन्यावर तिची पावले दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आली. मग खालून कोणीतरी तिला हाक मारली. त्यावर ती हसली की रडली, हे एवढ्या अंतरावरून निश्चित सांगता येत नाही. मी दार लावले आणि सर्व उत्तरे पहिल्यापासून पुन्हा तपासली. त्यांत चूक नाही.